दोन-चार दिवस बाहेरगावी जाताय? मोबाईलच्या मदतीने घर असं ठेवा सुरक्षित

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आपला प्लॅन लगेच तयार असतो. कोकण, महाबळेश्वर, गोवा, नाहीतर सरळ गावाकडे. बॅग भरायला आपण दोन तास घेतो, गाडीतली गाणी निवडायला एक तास घेतो, आणि घराला मात्र दोन मिनिटांत कुलूप लावून निघतो.

घर दोन-चार दिवस बंद ठेवताना मोबाईल, वायफाय कॅमेरा, स्मार्ट प्लग यांचा नेमका काय उपयोग होतो, त्यांच्या मर्यादा काय आहेत, आणि काही झालंच तर लांबून काय करायचं, हे आजच्या लेखात सविस्तर पाहू. यातल्या निम्म्या गोष्टींना एक रुपयाही खर्च नाही. पण आधी माझी फजिती सांगतो. बरेचसे मुद्दे मी त्यातूनच शिकलोय.

कॅमेरा होता, पण बंद होता

डिसेंबरमध्ये आम्ही घरचे चौघं पुण्याहून तारकर्लीला गेलो होतो, चार दिवसांसाठी. आठवडाभर आधी मी एक वायफाय कॅमेरा घेतला आणि दाराच्या वर, पॅसेजकडे तोंड करून बसवला. समोरच्या काकूंना विचारूनच बसवला, कारण त्यांचं दारही त्यात दिसत होतं. काकू म्हणाल्या, "बरं झालं, आमच्याही घरावर लक्ष राहील."

साताऱ्याच्या आसपास मोबाईलवर नोटिफिकेशन आलं: कॅमेरा ऑफलाईन. मला वाटलं, नेट गेलं असेल. संध्याकाळी मालवणला पोचलो तरी तेच. जेवताना सहज विषय काढला तर बाबा म्हणाले, "मेन स्विच बंद केलाय मी. घर सोडताना मेन बंद करायचाच असतो." आईने फ्रिजसुद्धा आदल्या दिवशीच रिकामा केला होता. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला सोडून!

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्या आणि काका एका लग्नासाठी एका रात्रीपुरते कोल्हापूरला गेले होते. परत येऊन बघतात तर दाराचा कोयंडा उचकटलेला. कपाटातल्या सासूबाईंच्या पाटल्या आणि थोडी रोकड गेली. मजल्यावरच्या तिसऱ्या फ्लॅटला चोरांनी बाहेरून कडी घातली होती, म्हणजे आवाज झाला तरी कुणी बाहेर येऊ नये. सगळं सांगून झाल्यावर काकूंनी विचारलं, "अरे, तुझ्या कॅमेऱ्यात काहीतरी दिसलं असेल ना रे?"

मला काय बोलावं सुचेना. काहीच दिसलं नव्हतं. दोन दिवसांत एक सेकंदाचंही रेकॉर्डिंग नव्हतं. पाटल्या आजपर्यंत मिळालेल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरातून कुणीही बाहेरगावी निघालं की मी खालची यादी काढून बसतो. आता मुद्द्याचं बोलू.

बंद घर ओळखू कसं येतं?

घरात कोणी नाही हे कळायला चोराला तुमचा मोबाईल हॅक करावा लागत नाही. दाराला बाहेरून मोठं कुलूप, दाराशी पडलेले दोन दिवसांचे पेपर, अडकवलेल्या पिशवीत तशाच राहिलेल्या दुधाच्या पिशव्या, दिवसाढवळ्या जळणारा बाल्कनीतला दिवा, आणि रात्री मात्र आतून एकही उजेड नाही. एवढं पुरेसं असतं.

म्हणून पहिलं काम: पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला सुट्टी सांगा. दूध ॲपवरून येत असेल तर त्यात ठरावीक तारखांना डिलिव्हरी थांबवायची सोय असते, ती वापरा. दुसरं काम: ऑनलाईन मागवलेलं काही त्या दिवसांत येणार आहे का, ते बघा. येणार असेल तर तारीख पुढे ढकला किंवा पत्ता बदला. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की "आम्ही बाहेरगावी आहोत, सोमवारी या" असं आपण सहज बोलून जातो. त्याऐवजी "शेजारी द्या" किंवा "आज जमणार नाही" एवढंच म्हणा. सोसायटीत गेटचं ॲप असेल तर आधी दिलेल्या कायमच्या परवानग्या एकदा तपासा. जुन्या कामवाल्यांची किंवा कोणे एके काळच्या पाहुण्यांची नावं त्यात तशीच पडलेली असतात.

कुलूप आणि दार

यात टेक्नॉलॉजी नाही, पण हे सुटलं तर पुढचं सगळं वाया. आमच्या काकूंच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, तुटला तो कोयंडा. कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंडा चार लहान स्क्रूंवर उभा असेल तर एका पहारीचं काम. दारात बसवलेलं लॅच किंवा आतल्या आत फिरणारं कुलूप असेल तर बाहेरून घर बंद आहे हे कळतही नाही. सेफ्टी डोअर असेल तर त्यालाही कुलूप लावा. बाथरूमची झडपेची खिडकी आणि बाल्कनीचं सरकतं दार, या दोन जागा बहुतेक जण विसरतात.

स्मार्ट लॉक असेल तर निघण्याआधी बॅटरी तपासा, आणि पाहुण्यांना दिलेले जुने पिन काढून टाका. सोबत येणारी साधी किल्लीही जवळ ठेवा. ती घरातच ठेवून निघणारे लोक मी पाहिले आहेत!

दागिने आणि रोकड शक्यतो घरात ठेवूच नका. बँक लॉकर असेल तर निघण्याआधी एक फेरी मारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या निष्काळजीपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडं २,००० रुपये असेल तर दोन लाखांपर्यंत. म्हणजे लॉकर म्हणजे पूर्ण विमा नव्हे, पण कपाटापेक्षा केव्हाही बरा.

वायफाय कॅमेरा: काय बघून घ्यायचा?

बाजारात ढीगभर मॉडेल आहेत. नावांच्या मागे लागण्यापेक्षा चार गोष्टी बघा.

१. मेमरी कार्डची सोय. फक्त क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा नेट गेलं की निरुपयोगी होतो. कार्ड असेल तर नेट नसतानाही रेकॉर्डिंग चालू राहतं. उलट फक्त कार्डवर अवलंबून राहिलात आणि चोराने कॅमेराच उचलून नेला, तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला. बऱ्याच चोऱ्यांमध्ये डीव्हीआरच उचलून नेलेला असतो. म्हणून कार्डही असावं आणि हालचाल दिसली की छोटी क्लिप क्लाउडवरही जावी. दोन्ही चालू ठेवणं सर्वात उत्तम.

२. कार्ड किती मोठं? हिशोब सोपा आहे. सतत रेकॉर्डिंग करताना १ एमबीपीएस वेगाने दिवसाला साधारण १०.८ जीबी जागा लागते. फुल एचडी कॅमेरा समजा १.५ एमबीपीएस वापरत असेल, तर दिवसाला सुमारे १६ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड चार दिवसांत भरतं आणि मग सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाऊन त्यावर नवीन चढतं. चार दिवसांच्या ट्रिपसाठी १२८ जीबी घ्या. फक्त हालचालीच्या वेळी रेकॉर्ड करायची सेटिंग ठेवली तर तेच कार्ड कितीतरी जास्त पुरतं.

३. वायफायचा बँड. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यात वाईट काही नाही, उलट २.४ चा सिग्नल भिंतींमधून ५ पेक्षा चांगला जातो. पण सेटअप करताना फोन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर असेल तर कधीकधी कॅमेरा सापडतच नाही. तेवढ्यापुरता फोन २.४ वर आणा.

४. रात्री दिसणं. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो. कॅमेरा घरात ठेवून खिडकीच्या काचेतून बाहेर बघायला लावला, तर तो इन्फ्रारेड उजेड काचेवर आपटून परत येतो आणि रात्री नुसता पांढरा गोळा दिसतो. त्यामुळे काचेमागे ठेवायचाच असेल तर इन्फ्रारेड बंद करा आणि बाहेर एखादा दिवा चालू राहील असं बघा.

कॅमेरा कुठे लावायचा? एकच असेल तर मुख्य दारातून आत येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा, हाताला पटकन लागणार नाही इतक्या उंचीवर. पण अगदी छतालाही नको, नाहीतर नुसत्या टोप्या आणि टकलं दिसतात. पॅसेजमध्ये लावणार असाल तर सोसायटीला आणि शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्या दारातून आतलं दिसत असेल तर कोन बदला, किंवा ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क असेल तर तेवढा भाग झाका. आपल्या सुरक्षेसाठी दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही.

लाईट गेली तर? नेट गेलं तर?

माझ्या फजितीचं मूळ इथेच आहे. कॅमेऱ्याला तीन गोष्टी लागतात: त्याची स्वतःची वीज, राउटरची वीज, आणि इंटरनेट. एक जरी गेली तरी मोबाईलवर काही दिसत नाही.

मेन स्विच बंद करण्याची बाबांची सवय चुकीची नाही. शॉर्टसर्किटची भीती खरी असते. यावर उपाय असा की मेन बंद करण्याऐवजी डीबीमधले एमसीबी एकेक करून बंद करायचे. गिझर, एसी, किचन, बेडरूम बंद. राउटर आणि कॅमेरा ज्या एमसीबीवर आहेत तो एकच चालू. कोणता एमसीबी कशाचा, हे आधी एकदा बंद-चालू करून शोधून घ्या आणि स्केचपेनने पट्टीवर लिहून ठेवा. आमच्या डीबीवर आता लाल अक्षरात "नेट - बंद करू नये" असं लिहिलंय. बाबांनी स्वतः लिहिलंय.

लाईट जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण घेण्याआधी आपल्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि तेच यूपीएसवर आहेत का बघा. फायबरचं कनेक्शन असेल आणि फायबरचा डबा वेगळा, राउटर वेगळा असेल, तर दोन्हींना बॅकअप लागेल. साधारण १० वॉट खाणाऱ्या राउटरला ३० वॉट-अवरची बॅटरी तीनेक तास पुरते.

कॅमेरा बहुधा ५ व्होल्टच्या यूएसबी ॲडॅप्टरवर चालतो. त्यालाही बॅकअप हवा असेल तर चार्ज होता होता बाहेर वीज देणारी पॉवर बँक लागते. सगळ्या पॉवर बँक तसं करत नाहीत. काही तर लाईट गेल्यावर क्षणभर सप्लाय तोडतात आणि कॅमेरा रिस्टार्ट होतो. म्हणून घरी असतानाच मेन बंद करून अर्धा तास बघा, मोबाईल डेटावरून कॅमेरा दिसतोय का. ही एक चाचणी मी आधी केली असती तर आज हा लेख वेगळा झाला असता.

आणि हो, पूर्ण बिल्डिंगची लाईट गेली तर जिन्यातला इंटरनेटवाल्याचा डबाही बंद पडू शकतो. तेव्हा घरचा यूपीएस असूनही नेट नसेल. अशा वेळी कार्डवरचं रेकॉर्डिंगच कामी येतं.

जुना फोन कॅमेरा म्हणून वापरता येतो का?

येतो. ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर आणि तुमच्या आत्ताच्या फोनवर अल्फ्रेड कॅमेरासारखं एखादं ॲप टाकलं की जुना फोन कॅमेरा बनतो. खर्च शून्य. फोनची स्वतःची बॅटरी असल्यामुळे लाईट गेली तरी काही तास रेकॉर्डिंग चालतं.

पण एक इशारा. सतत चार्जिंगला लावलेला जुना फोन गरम होतो आणि जुनी बॅटरी फुगू शकते. बंद घरात हे धोक्याचं आहे. फोनची पाठ उचललेली दिसत असेल, बॅटरी पटकन उतरत असेल, तर तो फोन अजिबात वापरू नका. वापरायचाच असेल तर कव्हर काढा, पडद्यांपासून आणि कागदांपासून लांब ठेवा. स्मार्ट प्लगवर दिवसातून दोनदा तासभर चार्ज होईल असं शेड्यूल लावलं तर आणखी बरं. माझं मत विचाराल तर एका रात्रीसाठी ठीक, चार दिवसांसाठी साधा वायफाय कॅमेराच बरा.

कॅमेराच हॅक झाला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि भीती निराधार नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य वायफाय कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. अशा उपकरणांच्या फौजेने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डिन' या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. लोकांच्या घरातले साधे कॅमेरे हे काम करत होते आणि मालकांना पत्ताही नव्हता!

त्यामुळे एवढं कराच:

• कॅमेरा आणि राउटर, दोन्हींचा मूळ पासवर्ड बदला. घरच्या कोणाचं नाव आणि जन्मसाल असला पासवर्ड नको.
• कॅमेऱ्याच्या अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. पासवर्ड कळला तरी ओटीपीशिवाय कोणी आत येणार नाही.
• ॲपमध्ये फर्मवेअर अपडेट असेल तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी करा. निघताना करू नका, अडकलं तर पंचाईत.
• राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर कॅमेरे आणि स्मार्ट प्लग त्यावर टाका. तुमचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर राहतो.
• घरच्यांना बघायला देताना पासवर्ड सांगू नका. ॲपमधल्या शेअर सोयीने द्या, नंतर काढून घेता येतं.
• तुम्ही घरी परत आलात की आतला कॅमेरा बंद करा. बेडरूममध्ये तर लावूच नका.

दिव्यांचा खेळ

घरात माणसं आहेत असं भासवायला स्मार्ट बल्ब किंवा स्मार्ट प्लग छान काम करतात. लोक मात्र एक चूक हमखास करतात: रोज ठीक सात वाजता चालू, ठीक दहाला बंद. अशा वागण्याने उलट यंत्र असल्याचा संशय येतो. एका दिवशी हॉलचा दिवा ६:५० ला, बेडरूमचा ९:३५ ला, असं थोडं मागेपुढे ठेवा. काही ॲपमध्ये रँडम किंवा 'व्हेकेशन' नावाची सोय असते, असेल तर तीच लावा.

स्मार्ट प्लग घेताना अँपिअर बघा. १० अँपिअरचा प्लग दिवा, पंखा, टीव्ही यांच्यासाठी ठीक आहे. गिझर, इस्त्री, हीटर त्यावर लावू नका. आणि तुम्ही घरात नसताना लांबून सुरू करण्यासारखी गोष्ट फक्त दिवा आहे. "पोचायच्या अर्धा तास आधी गिझर लावून ठेवतो" हा मोह टाळा.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी जुना उपाय आहेच: शेजारच्यांना किल्ली द्या, संध्याकाळी येऊन एक दिवा लावतील, झाडांना पाणीही घालतील.

स्टेटस, रील आणि लोकेशन

खरं सांगा, निघाल्या निघाल्या टोलनाक्यावर पहिलं स्टेटस पडतं की नाही? "ऑफ टू गोवा", खाली चार जणांचे हसरे चेहरे. म्हणजे आख्खं कुटुंब बाहेर आहे हे तुम्हीच जाहीर केलंत. तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह असलेल्या नंबरांत प्लंबर, एसीवाला, जुना घरमालक, दोन वर्षांपूर्वी सोफा विकत घेऊन गेलेला माणूस, हे सगळे असतात. त्यांच्याकडेही तुमचा नंबर सेव्ह असेल, तर त्यांना तुमचं स्टेटस दिसू शकतं. हे सगळे चोर असतात असं मुळीच नाही. पण बातमी पसरत जाते.

उपाय सोपे आहेत. व्हॉट्सॲपच्या स्टेटस प्रायव्हसीमध्ये जाऊन ठरावीक लोकांनाच दिसेल असं करा. इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स' वापरा, नाहीतर फोटो घरी आल्यावर टाका. समुद्र कुठे पळून जात नाही! लोकेशन टॅग तर तिथून निघाल्यावरच. तिकिटाचा फोटो टाकू नका. त्यावरच्या पीएनआरवरून तुमची गाडी आणि तारीख कोणालाही कळते.

मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशही साठवलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलंत की प्रश्नच मिटला.

याउलट एका ठिकाणी लोकेशन जरूर शेअर करा: घरच्या एका विश्वासू माणसाबरोबर गुगल मॅप्सवर, ट्रिप संपेपर्यंत. आणि पूर्वी कोणाकोणाला कायमचं शेअर केलंय, ते त्याच वेळी तपासून बंद करा.

अलर्ट आला, आता काय?

समजा तुम्ही बीचवर आहात आणि मोबाईलवर आलं, "दारात हालचाल". दहापैकी नऊ वेळा मांजर, पाल, पडदा किंवा झाडूवाले काका असतात. म्हणून हालचालीऐवजी 'माणूस दिसला तरच कळव' अशी सेटिंग असेल तर ती लावा. नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही कंटाळून नोटिफिकेशन बंद करून टाकता आणि नेमकं तेव्हाच हवं असतं.

लाईव्ह बघताना डेटा जातो. १ एमबीपीएसला तासाला साधारण ४५० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन तास बघत बसलात की संपलं. गरजेपुरतंच बघा.

खरंच कोणी घरात शिरताना दिसलं तर या क्रमाने करा:

१. क्लिप लगेच फोनमध्ये डाउनलोड करा. एक मिनिटाचं काम आहे.
२. शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला फोन करा, पण "आत जाऊन बघा" असं कधीही सांगू नका. लांबून बघा, दिवे लावा, आरडाओरडा करा, एवढंच. कोणाच्याही जिवापेक्षा आपला टीव्ही मोठा नाही.
३. ११२ वर फोन करायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ११२ ची यंत्रणा राज्यानुसार चालते. तुम्ही गोव्यात असाल तर फोन गोव्याच्या यंत्रणेकडे जातो. म्हणून शेजाऱ्यांनाच ११२ लावायला सांगा, आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर निघण्याआधीच सेव्ह करून ठेवा.

चोरी झाल्याचं नंतर कळलं तर घरात कशालाही हात लावू नका, आवरू तर मुळीच नका. बोटांचे ठसे महत्त्वाचे असतात. फोटो काढा आणि पोलिसांना बोलवा. झिरो एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग ती तुमच्या ठाण्याकडे पाठवली जाते. नव्या कायद्यानुसार तक्रार ऑनलाईनही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. घराचा विमा असेल तर ती लागतेच.

कॅमेऱ्याचं कार्ड काढून बाजूला ठेवा, नाहीतर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढत जाईल. मूळ क्लिप एडिट करू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याबद्दल तपास अधिकाऱ्यांना विचारा. फोन किंवा टॅब चोरीला गेला असेल तर 'संचार साथी' पोर्टलवरून त्याचा आयएमईआय ब्लॉक करा आणि लॅपटॉपवरच्या सगळ्या अकाउंटमधून दुसऱ्या फोनवरून लॉगआउट व्हा. म्हणूनच महागड्या वस्तूंची बिलं, सिरियल नंबर आणि दागिन्यांचे फोटो आधीच क्लाउडवर ठेवलेले बरे.

निघण्याआधीची यादी

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आठवडाभर आधी: कॅमेऱ्याची मेन बंद करून चाचणी, पासवर्ड बदल, कार्ड तपासणी, दागिने लॉकरमध्ये, बिलांचे फोटो.

आदल्या दिवशी: दूध-पेपर बंद, पार्सलच्या तारखा बदल, शेजाऱ्यांना कल्पना, लोकल पोलीस ठाण्याचा नंबर सेव्ह, दिव्यांचं शेड्यूल.

निघताना: गॅसचा रेग्युलेटर बंद, नळ आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, 'नेट' सोडून बाकीचे एमसीबी बंद, बाल्कनी आणि बाथरूमच्या खिडक्या, दार दोनदा ओढून बघणं. शेवटी बिल्डिंगच्या खाली येऊन, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर कॅमेरा उघडून बघणं. दिसला तरच गाडी सुरू.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भाड्याच्या घरात कॅमेरा लावता येतो का? तुमच्या घराच्या आत, भिंतीला भोक न पाडता, टेबलावर ठेवता येतो. रूममेट असतील तर त्यांची परवानगी घ्या. दाराबाहेर लावायचा असेल तर घरमालक आणि सोसायटीला विचारा.

घरात वायफायच नाही, मग? सिम कार्डवर चालणारे फोर-जी कॅमेरे मिळतात. त्यांना वेगळं सिम आणि डेटा पॅक लागतो. निघण्याआधी पॅकची मुदत बघा.

नकली कॅमेरा लावला तर चालेल का? घाबरवण्यापुरता ठीक. पण चोरी झाल्यावर त्यात काही सापडणार नाही. माझ्या बंद कॅमेऱ्यात आणि नकली कॅमेऱ्यात त्या दिवशी काय फरक होता?

शेवटी एक गोष्ट सांगतो. मार्चमध्ये आम्ही परत दोन दिवसांसाठी बाहेर गेलो, तेव्हा मी काकूंना किल्ली दिली आणि त्यांच्या मोबाईलवर कॅमेऱ्याचं ॲपही टाकून दिलं. रात्री साडेनऊला त्यांचा मेसेज आला: "दिवा लावला, कुंड्यांना पाणी घातलं. आणि तुमच्या पॅसेजमध्ये मी छान दिसते!" कॅमेरा, प्लग, ॲप हे सगळं हवंच, पण शेजारी लक्ष ठेवणारं माणूस नसेल तर कॅमेरा फक्त चोरी होताना दाखवतो. म्हणून हा लेख वाचून झाला की पहिलं काम कॅमेरा मागवायचं नका करू. शेजारची बेल वाजवा.

तुमच्याकडे यापेक्षा वेगळी एखादी युक्ती असेल तर नक्की कळवा. आणि सुट्टीचा प्लॅन करत असलेल्या मित्रमैत्रिणींना हा लेख पाठवा. फक्त "आम्ही निघालो" असं सोबत लिहू नका!